बी.ई.नंतर तत्त्वज्ञान : आधी एम.ए. की थेट पीएच.डी.?

पत्राचा सारांश : जळगाव जिल्ह्यातली एक वाचक. वय २६. वडिलांची केळीची शेती, आई अंगणवाडी सेविका, धाकटा भाऊ बारावीत. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, ७७ टक्के. चार वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी. दर महिन्याला १५ हजार घरी पाठवते. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात एका चॅटबॉटची तपासणी चालू असताना सगळे सहज म्हणायचे, ‘हे त्याला कळलं’, ‘हे नाही कळलं’. तेव्हा ‘कळणं म्हणजे नेमकं काय?’ हा प्रश्न तिच्या डोक्यात शिरला आणि निघेना. तेव्हापासून मिळेल ते तत्त्वज्ञान वाचते आहे. आता पीएच.डी. करायची आहे. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एम.ए. न करता थेट पीएच.डी. करता येते आणि अमेरिकेतही एम.ए. लागत नाही, असं तिने शोधून काढलं आहे. ती विचारते : ‘मग एम.ए.त दोन वर्षं कशाला घालवू? आधीच उशीर झालाय. घरी “पीएच.डी. करते” असं सांगता येईल, “बी.ई. होऊन एम.ए. करते” हे कसं सांगू? बाबा तर विचारतात, तत्त्वज्ञान म्हणजे कीर्तन का गं?’

तुझं पत्र आलं तेव्हा मी आधी नियमांचे कागद काढून बसले. अशा पत्रांत बऱ्याचदा नियमच अर्धवट कानावर आलेले असतात. तुझं तसं झालेलं नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीप्रमाणे चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असलेला विद्यार्थी थेट पीएच.डी.ला पात्र ठरतो. २०२४ मध्ये यूजीसीने हेही सांगितलं की अशा विद्यार्थ्याने नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा स्वतःच्या पदवीच्याच विषयात द्यावी असं बंधन नाही. ज्या विषयात पीएच.डी. करायची, त्या विषयात देता येते. अमेरिकेबद्दलही तू बरोबर आहेस. तिथे पदवीनंतर मुलं सरळ पीएच.डी.ला जातात आणि पहिली दोनेक वर्षं वर्गात बसून शिकतात.

तेव्हा दार उघडं आहे, त्याबद्दल वाद नाही. मला थांबायचंय ते तू वापरलेल्या ‘घालवू’ या शब्दापाशी. एम.ए. म्हणजे पीएच.डी.च्या खिडकीसमोरची रांग आणि नशिबाने तुला रांग चुकवायचा पास मिळालाय, असं तू धरून चालली आहेस. त्या दोन वर्षांत काय होतं हे कुणी तुला सांगितलं नसेल. मी स्वतः त्यातून गेले आणि पुढे बरीच वर्षं तोच वर्ग शिकवला, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

मी बी.एस्सी. करून तत्त्वज्ञानाकडे आले होते. खूप वाचलंय असा माझाही समज होता. पहिल्या सत्रात सरांनी निबंध लिहायला सांगितला, मी अठरा पानं लिहिली. चार दिवसांनी वही परत आली. शेरा नाही, गुण नाहीत. पेन्सिलीने फक्त ‘म्हणून’ या शब्दाखाली रेघा मारलेल्या. मोजल्या, अकरा होत्या. प्रत्येक रेघेशेजारी समासात बारीक अक्षरात एकच शब्द : ‘कसं?’ मी घरी येऊन एकेक ‘म्हणून’ तपासत बसले. अकरापैकी नऊ ठिकाणी मागच्या वाक्यावरून पुढचं वाक्य निघतच नव्हतं. मला ते पटलेलं होतं एवढंच. त्या रात्री मला रडू आलं होतं आणि दुसऱ्या दिवशी मी सर्वांत आधी वर्गात जाऊन बसले होते. दोन वर्षं हेच चाललं. शेवटच्या निबंधात सहा ‘म्हणून’ होते आणि सरांनी दोनांखालीच रेघ मारली. एम.ए.त मी काय शिकले असं कुणी विचारलं तर मला आजही ती वही आठवते.

हे काम एकट्याने होत नाही. पुस्तक तुझ्या ‘म्हणून’खाली रेघ मारत नाही. व्हिडिओ तुला अडवत नाही. आणि पीएच.डी.चा गाइड हे करायला बसलेला नसतो. तू एव्हाना हे शिकून आली आहेस असं गृहीत धरूनच तो तुझ्याकडे सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मागतो.

आता तुझाच प्रश्न घेऊ, कारण तो चांगला आहे. यंत्राला ‘कळतं’ म्हणजे काय? पत्रासोबत तू दीड पान टिपण जोडलं आहेस. त्यात चेतना आहे, मेंदू आहे, भाषा आहे, शेवटच्या ओळीत अद्वैतही आहे. दीड पानात चार प्रबंध झाले. याला पीएच.डी.चा विषय म्हणत नाहीत. हे कुतूहल आहे, आणि ते अस्सल आहे. विषय व्हायला त्याला धार लागते. ती कशी लागते ते एका उदाहरणाने दाखवते.

आपण जे काही ‘जाणतो’ त्यातलं बरंचसं दुसऱ्याने सांगितलं म्हणून जाणतो. न्यायदर्शनात, म्हणजे तर्क आणि ज्ञानाचा विचार करणाऱ्या आपल्या जुन्या दर्शनात, याला शब्दप्रमाण म्हणतात. प्रमाण म्हणजे ज्ञानाचं साधन. न्यायसूत्र सांगतं, ‘आप्तोपदेशः शब्दः’. म्हणजे आप्ताचं सांगणं हे प्रमाण. मग आप्त कोण? न्यायसूत्रांवरचा भाष्यकार वात्स्यायन म्हणतो, ज्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे हेही म्हणतो की ऋषी असो, आर्य असो, म्लेच्छ असो, लक्षण सगळ्यांना सारखंच. आता तुझा चॅटबॉट या दोन अटींपुढे उभा कर. त्याने काही साक्षात जाणलेलं नाही. जाणलं तसं सांगावं अशी इच्छाही त्याला नाही, निदान तसं मानायला आधार नाही. तरी त्याचं वाक्य पुष्कळदा खरं निघतं आणि ते वाचून आपल्याला काहीतरी कळतं. मग आपल्याला जे मिळालं ते ज्ञान का? असेल तर ते कोणत्या प्रमाणाने? शब्दाने, की ‘हे यंत्र दहात नऊदा बरोबर असतं’ अशा अनुमानाने?

आणखी पुढचं ऐक. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, हा प्रश्न पोपटाबद्दल विचारलेला आहे. वाक्याचा बोध व्हायला बोलणाऱ्याचं तात्पर्य, म्हणजे त्याला काय म्हणायचंय ते, समजावं लागतं असं मानलं तर पोपट बोलतो तेव्हा कुणाचं तात्पर्य धरायचं? न्यायसिद्धान्तमुक्तावली या न्यायाच्या ग्रंथात उत्तर असं आहे की पोपटाचं वाक्य खरं असेल तर ईश्वराचं तात्पर्य, आणि खोटं निघालं तर त्याला शिकवणाऱ्याचं. सतराव्या शतकातली ओळ आहे ही. ‘चूक निघाली तर शिकवणाऱ्याकडे बघा’, हे तुझ्या टेस्टिंगच्या टेबलावर रोज ऐकू येणारं वाक्य नाही का?

पोपटाची ही ओळ तुला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि तत्त्वज्ञान’ असं शोधून सापडली नसती. मलाही सापडली नव्हती. वर्गात मुक्तावलीतला शब्दप्रमाणावरचा भाग लावताना शिक्षकांनी ती वाचली आणि एक मुलगा हसला, म्हणून लक्षात राहिली. आणि न्यायातली ही चर्चा पाश्चात्त्य ज्ञानमीमांसेतल्या, म्हणजे ‘ज्ञान म्हणजे काय’ या शोधातल्या, चर्चेशेजारी ठेवायची तर तिकडचंही क्रमाने वाचलेलं लागतं. अमेरिकी तत्त्वज्ञ एडमंड गेटियरने १९६३ मध्ये जेमतेम तीन पानांचा लेख लिहून ‘ज्ञान म्हणजे समर्थित सत्य विश्वास’ (खरा असलेला आणि सबळ कारणाने धरलेला विश्वास) या व्याख्येला सुरुंग लावला. ती तीन पानं वाचायला अर्धा तास पुरतो. त्यांना उत्तर द्यायचा आपला प्रयत्न चारदा फसण्यासाठी मात्र एक अख्खं सत्र लागतं, आणि शिक्षण त्या फसण्यात होतं.

म्हणून माझं मत आत्ताच सांगते : तू एम.ए. कर. नियमाने सूट दिली असली तरी कर. पण ‘पीएच.डी.च्या आधी करावं लागतं’ म्हणून करणार असशील तर नको करूस. त्या भावनेने वर्गात बसलेली मुलं मी पाहिली आहेत. ती नोट्स घेतात, नेटची गाइडं पाठ करतात आणि दोन वर्षांनी जशी आली तशीच बाहेर पडतात.

थेट पीएच.डी.ची वाट तुझ्यासारखीला कुठे अडते, हेही व्यवहाराच्या भाषेत बघू. नियमावली किमान पात्रता ठरवते. प्रवेश विद्यापीठ आणि विभाग देतो. मुलाखतीला समोर बसलेले शिक्षक पहिला प्रश्न विचारतील तो तुझ्या आराखड्यावर. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची वृत्ती, मिळाली नसेल तर ७० टक्के भार नेटच्या गुणांना आणि ३० टक्के मुलाखतीला. नेटला दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, सगळं बहुपर्यायी. तुझ्यासारख्या हुशार मुलीला सहा महिने घासून ते जमेलही. पण जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या पुस्तकाचं साल बरोबर खूण केलं म्हणून कांट समजला असं होत नाही, आणि ते मुलाखतीत पाच मिनिटांत उघडं पडतं.

दुसरी अडचण पुढची आणि जास्त टोचणारी. तुला शिकवायचंय असं तू ओझरतं लिहिलं आहेस. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापक व्हायला त्या विषयातली किंवा जवळच्या विषयातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी असावी लागते. नेट-सेटमधून पीएच.डी.वाल्यांना सूट मिळते, पदव्युत्तर पदवीतून नाही. म्हणजे एम.ए. टाळून तू डॉक्टर होशील आणि कॉलेजच्या जाहिरातीपुढे अर्ज भरताना एका रिकाम्या रकान्यापाशी अडशील. नियम बदलत असतात, अर्ज करताना त्या वेळचे बघावेतच. पण आज तरी दोन वर्षं वाचवायला जाऊन पुढचं दार लावून घ्यायचा हा प्रकार आहे.

अमेरिकेचं बघ. एम.ए. ‘लागत नाही’ हे खरं. अर्जात लागतं ते म्हणजे साधारण पंधरा-वीस पानांचा स्वतंत्र निबंध आणि तीन शिफारसपत्रं. ही पत्रं तुझ्या तत्त्वज्ञानाच्या कामाबद्दल सांगू शकतील अशा माणसांची हवीत. तुझ्या इंजिनिअरिंगच्या सरांनी तुझं कितीही कौतुक केलं तरी ‘ही युक्तिवाद कसा करते’ हे ते सांगू शकत नाहीत. नावाजलेल्या विभागात वर्षाला मोजक्या जागा असतात आणि अर्ज शेकड्यांनी येतात. त्यातले बरेच जण चार वर्षं तत्त्वज्ञानच शिकून आलेले असतात. म्हणूनच तिकडे तुझ्यासारख्यांसाठी, म्हणजे पदवी दुसऱ्या विषयाची असलेल्यांसाठी, स्वतंत्र एम.ए. आहेत. टफ्ट्स, जॉर्जिया स्टेट, नॉर्दर्न इलिनॉय, विस्कॉन्सिन-मिलवॉकी ही त्यातली जाणकारांत परिचित नावं. काही ठिकाणी फी माफ होऊन शिकवण्याच्या कामाचं मानधनही मिळतं, काही ठिकाणी खिशातून भरावं लागतं. कर्ज काढून तिथे एम.ए.ला जायला मात्र मी तुला सांगणार नाही. इंजिनिअरिंगच्या एम.एस.चं कर्ज फिटतं ते त्यामागे नोकरी असते म्हणून. इथे ती खात्री नाही. आणि इंग्लंडकडे पाहशील तर ऑक्सफर्डला तत्त्वज्ञानात पदवी घेऊन आलेली मुलंसुद्धा डॉक्टरेटच्या आधी दोन वर्षांची बी.फिल. ही पदव्युत्तर पदवी करतात, १९४६ पासून. ती तर आधीच तीन-तीन वर्षं याच विषयात काढून आलेली असतात.

मग आपल्याकडे कुठे? बहुतेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेचा पदवीधर तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला बसू शकतो. पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा विभाग आहे, मुंबईला कालिन्याला आहे. बाहेर जायची तयारी असेल तर हैदराबाद विद्यापीठ, जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठ. तिथे सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते, अलीकडे ती मार्चच्या सुमारास होते. फी सरकारी विद्यापीठाची असते, खरा खर्च राहण्या-जेवण्याचा. विभाग निवडताना रँकिंगचे तक्ते पाहू नकोस. तिथे सध्या कोण शिकवतंय आणि तुझ्या प्रश्नाच्या आसपास कुणाचं काम आहे, ते बघ. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात त्या विभागाचे प्रबंध मोफत वाचता येतात. गेल्या पाच-सात वर्षांतले दोन उघड आणि नुसता पहिला अध्याय वाच. वाचताना उत्सुकता वाटली तर तो विभाग तुझा. दहाव्या पानावर ‘हेच वाक्य मी विकिपीडियावर वाचलंय’ असं वाटलं तर पुढे जा. हे काम पीएच.डी.ला गाइड शोधतानाही करायचं असतं. गाइडकडे जागा मोजून असतात. प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार. त्यामुळे ‘जागा रिकामी आहे म्हणून हा गाइड, गाइडचा विषय म्हणून माझा विषय’ असे प्रबंध सर्रास होतात. एम.ए.ची दोन वर्षं तू एखाद्या विभागात काढलीस तर कोण कसं शिकवतं आणि कोण विद्यार्थ्याचा फोन उचलतं, हे तुला आतून ठाऊक असतं.

पैशांचं टाळून चालणार नाही. तू दरमहा १५ हजार घरी पाठवतेस आणि भाऊ बारावीत आहे. पुढची दोन-चार वर्षं त्याच्या शिक्षणाची आहेत. पत्रात हे एका ओळीत उरकलं आहेस, पण निर्णयाचा अर्धा भार या ओळीवर आहे. आईवडिलांसोबत बसून कागदावर मांड : तू पैसे पाठवणं थांबवलंस तर नेमकं काय अडतं? काहीच अडत नसेल, तर दोन वर्षांचा स्वतःचा खर्च आणि वर सहा महिन्यांचा जास्तीचा खर्च एवढी शिल्लक पडल्यावरच राजीनामा दे. अडत असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचं तत्त्वज्ञानाचं एम.ए. नोकरी सांभाळून करता येतं. पदवी म्हणून त्याला कुठे कमी लेखायचं कारण नाही. कमी पडेल ती वहीवरची पेन्सिल. मग ती दुसरीकडून मिळवावी लागेल : शनिवारी एकत्र बसून ग्रंथ लावणारा गट, विभागातली खुली व्याख्यानं, एखाद्या शिक्षकांना ‘मी लिहिलेलं वाचाल का’ असं विचारायचा धीटपणा. असं विचारलेलं शिक्षकांना आवडतं. मला तरी फार आवडायचं.

पुढच्या टप्प्याचा हिशोबही आत्ताच ठाऊक असू दे. जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७ हजार, नंतर ४२ हजार, शिवाय घरभाडं. त्यासाठी वयाची अट ३० असली तरी स्त्रियांना पाच वर्षांची सवलत आहे. ‘उशीर झालाय’ म्हणतेस त्याचं हे एक उत्तर. आपल्या राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्था आपापल्या प्रवर्गातल्या संशोधकांना पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात, तुझ्या प्रवर्गाला काय लागू आहे ते बघून ठेव. जेआरएफ नाही, दुसरी वृत्तीही नाही, अशा अवस्थेत पीएच.डी.ला नाव नोंदवू नकोस, हे मात्र मी कळकळीने सांगते. सहा-सहा वर्षं घरून पैसे घेऊन प्रबंध लिहिणाऱ्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. त्यांची विषयावरची माया त्या ओझ्याखाली विझून जाते.

आणि नोकऱ्या. तत्त्वज्ञानाच्या कायम जागा थोड्या आहेत. विद्यार्थी विषय घेत नाहीत म्हणून वर्कलोड कमी, वर्कलोड नाही म्हणून पद भरत नाहीत, आणि मग तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारी नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली मंडळी. यात तू पडू नयेस असं मला वाटतं. तुझ्या हातात टेस्टिंगचं कौशल्य आहे ही मोठी जमेची बाजू समज. एम.ए. नंतर पुन्हा नोकरीवर जावं लागलं तर ती हार नाही. माझा एक विद्यार्थी औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन आला होता. त्याने मन लावून एम.ए. केलं, उत्तम निबंध लिहिले आणि शेवटच्या सत्रात मला सांगितलं, ‘मॅडम, मला एकाच प्रश्नावर पाच वर्षं बसवणार नाही.’ तो कंपनीत परत गेला. हे त्याला पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी समजलं असतं तर? आता तो दर शनिवारी माझ्याकडे येतो, पायरीवर बसून चपला काढता काढता मागच्या वेळची शंका विचारायला लागतो. तुला तत्त्वज्ञान हवंय की पीएच.डी. हवी आहे, या दोन वेगळ्या इच्छा आहेत. कदाचित दोन्ही असतील. एम.ए.त ते उलगडेल, आणि तिथून माघार घ्यायला फारसं काही मोजावं लागत नाही.

घरी काय सांगायचं? ‘डॉक्टर’ शब्दाला वजन आहे, ‘एम.ए.’ला नाही, आणि बी.ई.नंतर एम.ए. म्हणजे उलटी गंगा असं नातेवाईक म्हणतील. म्हणू दे. तुझ्याच जिल्ह्यातलं एक उत्तर तुझ्याजवळ आहे. अमळनेरला प्रताप शेटजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. व्यापारउदिमातल्या माणसाने स्वतःच्या पैशांनी, तत्त्वज्ञानाचा अभ्यास व्हावा म्हणून. देशभरातून अभ्यासक तिथे येऊन राहिले. साने गुरुजी अमळनेरला आले ते याच मंदिरात तत्त्वज्ञान शिकायला. शाळेतले गुरुजी ते नंतर झाले. तुझ्या गावाहून एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल. आईबाबांना घेऊन एकदा जाऊन ये.

इंग्रजी वाचायला वेळ लागतो, याचीही तुला लाज वाटते असं दिसतं. तत्त्वज्ञानात हळू वाचणं दोष नाही, भरभर वाचणाऱ्यांनाच आम्ही थांबवत असतो. विचार मात्र आधी मराठीत मांडत जा. तत्त्वज्ञ मे. पुं. रेगे यांनी मराठीत जितकं काटेकोर तत्त्वज्ञान लिहिलं आहे तितकं काटेकोर इंग्रजीतही फार थोड्यांचं असतं. १९८३ साली पुण्यात त्यांच्या पुढाकाराने न्यायशास्त्राचे पंडित आणि इंग्रजीतून शिकलेले प्राध्यापक एकत्र बसले आणि इंग्रज तत्त्वज्ञ रसेलच्या ‘प्रपोझिशन’ (विधान) या कल्पनेवर संस्कृतात वाद झाला. संज्ञा अडली तर वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान-महाकोश जुन्या ग्रंथालयात मिळतो. संस्कृत येत नसेल तर आत्ताच थोडं सुरू कर. तुझ्या प्रश्नाला ते लागणार आहे, आणि कोड वाचायची सवय असलेल्यांना पाणिनीची भाषा लवकर आवडते असा माझा अनुभव आहे.

नोकरी सोडण्याआधी सहा महिने एक काम कर. रविवारची सकाळ राखून ठेव. वाचायला एकच छोटा मजकूर घे, गेटियरची ती तीन पानं किंवा शब्दप्रमाणावरचं वात्स्यायनभाष्य मराठी भाषांतरासह. दर रविवारी त्यावर एक पान लिही आणि पुढच्या रविवारी लाल पेनाने स्वतःच्या प्रत्येक ‘म्हणून’खाली रेघ मार. सहा महिन्यांनी यातून कंटाळा उरला तर पुस्तकं आहेतच, तुझी नोकरीही आहे, काही बिघडलं नाही. पण तेच पान सहाव्यांदा लिहायला तू पहाटे उठत असशील तर पुढच्या प्रवेशाचा अर्ज भर.

राहिला बाबांचा प्रश्न, आणि तो मला फार आवडला. ‘कीर्तन नाही हो बाबा’ असं तोडून टाकू नकोस. गावी जाशील तेव्हा त्यांना विचार : व्यापाऱ्याला केळीचा आजचा भाव पक्का ठाऊक असतो, तुमच्याहून जास्त ठाऊक असतो. तरी त्याने भाव सांगितला की तुम्ही शेजारच्या शिवारात फोन का करता? ते जे सांगतील त्यात वात्स्यायनाच्या दोन्ही अटी येतील बघ : जाणणं एक, आणि जाणलं तसं सांगण्याची इच्छा दुसरी. मग विचार की फोनवरच्या एखाद्या यंत्राने भाव सांगितला, ज्याला ना केळी ठाऊक ना नफा, तर त्यावर विश्वास ठेवाल का? त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घे. तुझं पहिल्या रविवारचं पान तिथून सुरू कर आणि मला पाठव. पेन्सिल माझ्याकडे आहे.